विक्रीस काढलेली नाही

माझ्या वडिलांना मध्ये बोललेलं चालत नाही आणि त्यांच्या गाडीला कात्रजचा घाट चालत नव्हता. पहिली गोष्ट घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य केली आहे. दुसरी मान्य करायला बाबा तयार नव्हते. त्यांच्या मते दोष घाटाचा होता.

गाडी जुनी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती आली तेव्हा पार्किंग भरपूर आणि गाड्या मोजक्या होत्या. आता नेमकं उलट आहे. तिच्या काचा अजून हँडल फिरवून खाली घ्याव्या लागतात. बाबांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त, त्यामुळे वयाच्या मानाने ती फार बरी दिसते. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले तेव्हा मला सोडायला हीच गाडी आली होती, आणि सगळ्या वाटेत बाबा माझ्याशी फक्त तिच्या क्लचबद्दल बोलले होते. तेही मोजकंच.

अशी गाडी दिसली की लोकांच्या मनात कौतुक आणि सौदा दोन्ही एकदम जागे होतात. सिग्नलला एखादा बाइकवाला काच ठोठावून विचारायचा, "काका, द्यायची का?" मंडईबाहेर गाडी लावून मेथीची जुडी घेऊन यावं, तर कोणीतरी टायरला हलकेच लाथ मारून बघत उभा असायचा. बाबा सुरुवातीला "नाही" म्हणायचे. पुढे पुढे नुसतं बघायचे. शेवटी एका रविवारी खुद्द सोसायटीच्या सेक्रेटरींनी "माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे हो" असं सहज म्हटलं, आणि बाबांनी पाटी करायला घेतली.

मजकूर आईचा. आई शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे घरातलं सगळं लिखाण तिच्याकडे असतं. पहिल्या मसुद्यात 'कृपया' होतं. ते बाबांनी काढलं. 'क्षमस्व' होतं, तेही काढलं. शेवटी पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत उरलं ते असं: 'ही गाडी उत्तम चालू स्थितीत आहे. विक्रीस काढलेली नाही. चौकशी करू नये.'

पाटी लावायची कुठे, यावर दोघांचा बराच खल झाला. नंबरप्लेट झाकली तर पोलीस धरतात, काच झाकली तर आपणच कुठेतरी धडकतो, आणि मागे लावली तर समोरून येणाऱ्याला कळणार कसं? म्हणून ती समोरच्या जाळीवर आली. अक्षरं लांबून वाचता आली पाहिजेत म्हणून बाबांनी पत्रा जाळीच्या मापाचाच कापून घेतला आणि तारेने आवळून बांधला. "हलता कामा नये," असं ते म्हणाले, आणि ती हललीही नाही.

पाटीचा गुण आला. लोक लांबून वाचायचे, हसायचे, फोटो काढायचे, पण जवळ यायचे नाहीत. बाबांना एवढंच हवं होतं.

त्या उन्हाळ्यात गाडी घाटात तापायला लागली. उन्हाळाच होता, म्हणून आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. पावसाळा आला तरी ती तापत राहिली, तेव्हा मात्र दोष द्यायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

घाट टाळण्यासारखा नव्हता. घाटापलीकडच्या गावात माझी मावशी राहते, आईची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, आणि महिन्यातून एकदा तिला बघितल्याशिवाय आईला चैन पडत नाही. भाड्याची गाडी करा म्हटलं की बाबा म्हणायचे, "अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघत मी घाट चढणार नाही." नव्या बोगद्याच्या रस्त्याने जा म्हटलं, तर तिथे ट्रक अंगावर येतात. थोडक्यात, जुना घाट, जुनी गाडी आणि बाबा, यातलं काहीही बदलायचं नाही आणि तरी इंजिन तापता कामा नये, असा तो प्रश्न होता.

कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत बाबांचा ठरलेला मेकॅनिक आहे. गडी आत्मविश्वासाचा. आधी त्याने सांगितलं की रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालता, तिथेच चुकतं, कूलंट घाला. बाबा म्हणाले, कूलंट म्हणजे रंगीत पाणी, ही कंपन्यांची लबाडी आहे. तरी घातलं. गाडी तापली. मग त्याने थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला वाट मोकळी करून देणारी छोटी झडप. गाडी तापली. मग पंख्याची मोटर बदलली, मग रेडिएटर उतरवून आतून साफ केला आणि त्यातून निघालेला गाळ त्याने आम्हाला विजयी मुद्रेने दाखवला. पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा त्याच वळणावर तापली.

आणि मजा म्हणजे, गॅरेजमध्ये ती एकदाही तापली नाही. मेकॅनिक बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचा आणि आम्ही सगळे तापमानाच्या काट्याकडे बघत उभे राहायचो. काटा निम्म्यावर यायचा आणि तिथेच थांबायचा. पंखा वेळेवर सुरू व्हायचा, वेळेवर बंद व्हायचा.

"काका, हिला काहीही झालेलं नाही," मेकॅनिक म्हणायचा.

"मग घाटात का तापते?"

"ते घाटात बघायला लागेल."

"का? घाट इथे आणून देऊ?"

सोसायटीतही सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने चढावर हीटर लावून गाडी चालवायला सांगितलं, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते. त्याप्रमाणे आईबाबा एकदा भर मे महिन्यात हीटर लावून घाट चढले आणि मावशीने दार उघडल्यावर आधी दोघांना पंख्याखाली बसवलं. एका काकूंनी गाडीची दृष्ट काढायला सांगितली. सेक्रेटरींनी भंगारवाल्याचा नंबर पुन्हा देऊ केला.

या सगळ्यात माझं काय चाललं होतं, तेही सांगते. मला गाडी दुरुस्त व्हायलाच नको होती.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांची मान आता पूर्ण वळत नाही. सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासली तेव्हा ते म्हणाले, खांब पुढे आलाय. पौड फाट्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न बडवायला लागले तरी ते निवांत बसले होते, आणि वर म्हणाले, "लोकांना दम म्हणून नाही." मला भीती वाटायची. महिन्यातल्या त्या दिवशी घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी मोबाइल हातातून खाली ठेवायचे नाही. पण ज्या माणसाने मला सायकलपासून गाडीपर्यंत सगळं शिकवलं, त्याला 'आता तुम्ही चालवू नका' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा इंजिन तापतं म्हणून गाडी काढावी लागली, हे किती सोयीचं. कोणाचा अपमान नाही, कोणाशी भांडण नाही. मी त्या तापणाऱ्या काट्याच्या बाजूने होते.

म्हणून एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, पुढच्या खेपेला मीही येते. गाडी नाही तापली तर मी या विषयावर परत बोलणार नाही. तापली तर काढून टाकायची."

बाबांनी कप खाली ठेवला. "शब्द," ते म्हणाले.

बाबांनी शब्द दिला की तिथे विषय संपतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मग बिस्किटाचा डबा बंद केला.

थंडीतली सकाळ होती, त्यामुळे यावेळी हवेला दोष देता येणार नव्हता. मी मागे बसले, मांडीवर मावशीसाठी केलेल्या गुळाच्या पोळ्यांचा डबा. आई पुढे बाबांच्या शेजारी. कर्वे पुतळा मागे पडला आणि आई बोलायला लागली.

"अगंबाई, केवढी ती बस!" आई म्हणाली. बाबांनी गाडी हळू केली. बस डावीकडून येत होती.

"या पोरी बघा कशा उजव्या अंगाने स्कूटर घालतात," आई म्हणाली. बाबा थोडे डावीकडे सरकले.

स्वारगेटला पोहोचेपर्यंत तिने एक हातगाडी, एक श्रावणबाळासारखा आजोबांना हाताला धरून रस्ता ओलांडणारा नातू आणि रिक्षांचा अख्खा थवा यांचं वर्णन केलं. चौकात म्हणाली, "लाल रंग लांबूनही कसा उठून दिसतो, नाही?" आणि बाबांनी ब्रेक दाबला. आई इतकी बडबडी कधीच नव्हती. वर्गात पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई ती. कात्रजच्या चौकापर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी आई चालवत होती. बाबांच्या हातात नुसतं स्टिअरिंग होतं.

आणि अजून घाट सुरू व्हायचा होता.

पहिल्या वळणांना काटा निम्म्यावर होता. नंतर तो हळूहळू वर सरकायला लागला. "मागून मान लांब करून काटा बघू नकोस," बाबा आरशात न बघताच म्हणाले. नेहमीच्या वळणावर काटा तांबड्याला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि बाबांनी गाडी कठड्याजवळ घेऊन बंद केली. शब्द सगळ्यांच्या लक्षात होता.

बाबांनी उतरून बॉनेट उघडलं. रेडिएटरचं टोपण गार होईपर्यंत उघडायचं नसतं, त्यामुळे वाट बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. आईने डिकीतून घडीचं स्टूल काढलं आणि गाडीच्या समोर, जरा लांब, कठड्याला पाठ लावून बसली. तिच्या सरावावरून हे दर महिन्याचंच होतं.

आमच्या गाडीची समोरची जाळी बॉनेटलाच जोडलेली आहे. बॉनेट वर गेलं की जाळी वर जाते आणि जाळीबरोबर पाटीही. अशी ती वर जाऊन तिरपी झाली की समोरून उतरणाऱ्या एसटीच्या खिडक्यांतून अगदी ठळक वाचता येते. एक एसटी हळूहळू वळण घेत आली. खिडकीतल्या एकाने मोठ्याने वाचलं, "ही गाडी उत्तम चालू स्थितीत आहे," आणि खाली वाफेचा लोट बघून अख्खी बस हसली. मागून एक टेम्पो आला. त्याच्या ड्रायव्हरने टेम्पो थांबवून पाटी शेवटपर्यंत वाचली, इंजिनाकडे बघितलं, आणि चौकशी न करता दोन्ही हात जोडून निघून गेला.

"अहो, ती पाटी काढा," आई म्हणाली.

"का म्हणून?"

"माझी वाक्यं आहेत ती. खोटी पडतायत."

"तात्पुरती परिस्थिती आहे ही."

"मग तात्पुरती काढा. मला इथे समोर बसवत नाही."

बाबांनी आणखी एक एसटी येताना बघितली आणि डिकीतून पक्कड आणली. तार त्यांनीच आवळलेली, त्यामुळे ती काढायला त्यांनाच घाम फुटला. मी पत्रा धरला. सुटल्यावर तो माझ्या शेजारी मागच्या सीटवर ठेवला. इंजिन गार झालं, पाणी घातलं आणि आम्ही निघालो.

मी आता उघडपणे मान लांब करून काट्याकडे बघत होते. मनातल्या मनात मी गाडी विकूनही टाकली होती. काटा निम्म्यावर आला. पुढचं वळण आलं, त्यापुढचं आलं, चढ तर आणखीच उभा झाला. काटा निम्म्यावरच. गॅरेजमध्ये थांबायचा तसा तो थांबला आणि जुना बोगदा ओलांडेपर्यंत हलला नाही.

बोगद्यापलीकडे बाबांनी गाडी पुन्हा बाजूला घेतली. यावेळी थांबायचं काही कारण नव्हतं. ते उतरले, समोर गेले आणि उघड्या जाळीपुढे हात धरून उभे राहिले. मग खिडकीतून मागच्या सीटवरच्या पाटीकडे बघितलं.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पाणी कुठे अडतंय हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्याच माणसाने रेडिएटरला लागणारा समोरचा वारा स्वतःच्या हाताने पत्रा बांधून अडवला होता, आणि हलू नये म्हणून तारेने आवळला होता. गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं की पाटी वर जायची आणि रेडिएटर मोकळा व्हायचा, म्हणून तिथे सगळं ठीक. आम्ही इतके महिने बॉनेट उघडून आत दोष शोधत होतो आणि तो वर जाऊन आमच्या डोक्यावर उभा राहत होता, तोही ठळक अक्षरांत.

आईला आधी हसू फुटलं, मग मला. गाडीत बसून आम्ही दोघी डोळे पुसेपर्यंत हसलो. बाबा हसले नाहीत. ते माझ्या खिडकीशी आले.

"तापली," ते म्हणाले.

"अहो बाबा, पण पाटीमुळे..."

"कशामुळे ते ठरलं नव्हतं. तापली तर काढायची, असं ठरलं होतं. सेक्रेटरींकडून त्या माणसाचा नंबर घे."

मला हवं होतं ते सगळं माझ्या हातात आलं होतं. कोणाचा अपमान नाही, भांडण नाही, आणि शब्दही त्यांचाच. मी नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. बाबांनी पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवला होता. तापलंय का ते बघताना ठेवतात तसा नव्हता, नुसता ठेवलेला होता. मला ते 'बरं' म्हणता येईना. चांगल्या गाडीला खोट्या दोषासाठी भंगारात घालायचं आणि वर बाबांनी ते शब्दाखातर केलं म्हणून जन्मभर त्यांचं कौतुक करायचं, याची मला एकदम किळस आली.

"गाडी ठेवा," मी म्हटलं. "गाडीला काही झालेलं नाही. बाबा, मला तुमच्या चालवण्याची भीती वाटते. तुम्हाला डावीकडची बस दिसत नाही. सिग्नल तुम्हाला आई सांगते. मी आज सगळं ऐकलंय."

बाबा माझ्याकडे न बघता आईकडे बघत राहिले. आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"मी काय, मी नुसती बोलत असते," ती म्हणाली.

"ते मला कळत नाही असं वाटलं तुला?" बाबा म्हणाले. "तू बोलतेस म्हणून तर मी निघतो. दिवाळीच्या आधी तुझा घसा बसला होता. गेलो होतो का आपण त्या महिन्यात?"

त्या महिन्यात ते गेले नव्हते. बाबांनी गुडघा दुखतोय असं सांगितलं होतं, आणि आईने बसलेल्या घशानेच त्या गुडघ्याला तेल चोळलं होतं. आईचा पर्समधला हात थांबला. मला रडू आलं, आणि ते लपवायला त्या गाडीत जागाही नव्हती.

बाबा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि आईचं दार उघडलं. "तू मागे बस," ते तिला म्हणाले, आणि पुढे डावीकडे बसले. मग मला म्हणाले, "किल्ली लावलेलीच आहे. क्लच अर्ध्यावर धरतो. हिसका द्यायचा नाही."

मावशीने पोळ्या ठेवून घेतल्या आणि पाटीही ठेवून घेतली. तिच्या मोरीतल्या पिंपाला झाकण नव्हतं, आणि हे अगदी मापाचं निघालं. मजकूर तिने वरच्या बाजूला ठेवला. निदान पाण्याची तरी कोणी चौकशी करणार नाही, असं ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर घाटातून गाडी मी उतरवली. स्वारगेटच्या सिग्नलला आम्ही लाल दिव्यापाशी उभे असताना एक बाइकवाला डाव्या बाजूला येऊन थांबला. त्याने गाडी पुढून मागून न्याहाळली. अडवायला पाटी नव्हती. त्याने काच ठोठावली.

बाबांनी हँडल फिरवून काच खाली घेतली.

"काका, मस्त ठेवलीये गाडी. द्यायची का?"

"गाडी उत्तम चालू स्थितीत आहे," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर जुना झाला होता. तेवढा काढला."

त्यांनी काच वर घेतली. दिवा बदलला. मागून आई सवयीने म्हणाली, "हिरवा रंग मला पहिल्यापासून आवडतो," आणि बाबांनी समोरच्या रिकाम्या जागेत उजवा पाय दाबला. मी हिसका न देता गाडी काढली.